मुळशीचे पाणी आणि उपनगरी वस्ती : माले परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

उपनगरातील लहान निवासी वसाहत हा इतिहासलेखनाचा विषय म्हणून फारसा विचारात घेतला जात नाही. गावाला ग्रामदैवत असते, वतनाची कागदपत्रे असतात. शहराला गॅझेटिअर असते. चार-सहा इमारतींच्या वसाहतीपाशी भूतकाळ म्हणून फाटकावरील पाटी आणि भूमिपूजनाची तारीख एवढेच असते. परिणामी तेथील जीवन हा समाजशास्त्राचा किंवा नगररचनेचा प्रांत मानून इतिहासाचे अभ्यासक पुढे जातात. ही समजूत कितपत टिकते, हे एका विशिष्ट खोऱ्याच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माले हे मुळशी धरणालगतचे एक गाव. पौडहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर ते वसले आहे. या परिसराचा उपनगरी जीवनाशी दोनदा संबंध आला. पहिल्यांदा, १९२० च्या दशकात, येथील पाणी अडवून तयार झालेली वीज मुंबईकडे गेली आणि तेथील गिरण्या, आगगाड्या व नव्या वसाहती यांच्या उपयोगी पडली. दुसऱ्यांदा, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, पुणे शहरच पौड रस्त्याने या खोऱ्याकडे सरकू लागले. पहिल्या वेळी खोऱ्याने आपली जमीन गमावली. दुसऱ्या वेळी ती विकली. या दोन घटनांमध्ये सुमारे पाऊण शतकाचे अंतर असले, तरी घराखालची जमीन आणि घरात येणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न दोन्हींत समान आहे. उपनगरी घरातील निवांतपणा समजून घ्यायचा तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

धरणापूर्वीचे खोरे

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाचा हा प्रदेश मावळाचा भाग आहे. अतिवृष्टीचा, डोंगरउताराचा. खाचरांत भात, विशेषतः आंबेमोहोर, आणि उतारावर नाचणी-वरी अशी येथील शेतीची रीत. वस्ती एकगठ्ठा नसून वाड्यावाड्यांत विखुरलेली असे. भावकीची घरे लगत असत, खळे सामायिक असे, पाणवठा ठरलेला असे. शेजार हा येथे निवडीचा भाग नव्हता. ज्याच्या शेताला आपला बांध लागून आहे तोच बहुधा घराशेजारीही असे. बांधावरचे भांडण त्यामुळे ओसरीपर्यंत येई आणि लावणीच्या दिवसांत मिटवूनही घ्यावे लागे.

या जीवनाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पाणवठे जातीनुसार वेगळे होते, दलित वस्ती गावाबाहेर होती. जमिनीवरील हक्कही सरळ नव्हता. अनेक जमिनी पुण्यातील सावकारांकडे व जमीनदारांकडे गेलेल्या होत्या आणि कसणारा मावळा त्यांचे कूळ होता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाच्या आपल्या अभ्यासात या अंतर्विरोधावर नेमके बोट ठेवले आहे. जमिनीचा कागद ज्याच्याकडे होता, त्याला तिचे रोख मूल्य मिळणे पुरेसे वाटू शकत होते. ज्याचे घर, खळे आणि दैवत तेथे होते, त्याला ते पुरेसे वाटणे शक्य नव्हते.

‘जान किंवा जमीन’

टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते. आंध्र खोऱ्याची योजना त्यामागोमाग आली. तिसरी योजना नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधून, पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवण्याची होती. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. खोऱ्यातील ५० हून अधिक गावांना या योजनेची झळ पोहोचणार होती. जमिनीचे रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतांतून चर खणले जाऊ लागले आणि विरोधाची ठिणगी येथेच पडली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ हे घोषवाक्य याच लढ्याचे. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी येथे मिळाली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे कार्यकर्ते या लढ्यात होते. भुस्कुटे यांनी पुढे त्याचा इतिहासही लिहिला. गांधीजींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले. कायद्याने दिलेल्या हक्कावर अडून न राहता लोकांशी विचारविनिमय करावा, असा त्याचा आशय होता.

काम काही काळ थांबले व पुन्हा सुरू झाले. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. हा कायदा सार्वजनिक उपयोगाच्या कामाकरिता कंपनीसाठीही जमीन घेण्यास मुभा देत होता. ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती हाच या वादाचा गाभा होता, असे म्हणता येईल. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे आणि तेथील लाखो रहिवासी यांचे हित एका पारड्यात घातले गेले, दुसऱ्यात मावळातील काही हजार कुटुंबे. विस्थापितांना पर्यायी वसाहत देण्याचे कायदेशीर बंधन तेव्हा नव्हते. नुकसानभरपाई म्हणजे पैसे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा होण्यास १९७६ साल उजाडावे लागले आणि १८९४ चा कायदा तर १ जानेवारी २०१४ पासून नवा केंद्रीय कायदा अमलात येईपर्यंत टिकून होता.

पुण्यातील जमीनदारवर्ग भरपाईच्या बाजूने झुकू लागला, अटकसत्रे झाली, मावळ्यांचा धीर सुटत गेला. १९२४ मध्ये बापटांनी कामावरील आगगाडी अडवली व त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

दिवा कोठे लागला

त्याच वर्षांत मुंबईचे उपनगर आकार घेत होते. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या जुन्या वस्तीला पर्याय म्हणून दादर-माटुंगा योजना हाती घेतली होती. आखीव रस्ते, झाडे, इमारतींभोवती मोकळी जागा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे त्यातूनच रूढ झाली. त्याआधी १९१५ मध्ये गामदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली होती. भारतातील सहकारी गृहसंस्थांच्या इतिहासाची सुरुवात बहुधा तिच्यापासून केली जाते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला. टाटांची वीज वेगवेगळ्या वीजगृहांतून एकाच जाळ्यात येत असल्याने दादरचा अमुक दिवा मुळशीच्याच पाण्यावर लागला असे दाखवता येणार नाही, आणि तसे दाखवण्याची गरजही नाही. उपनगरात राहून शहरात नोकरी करणे ज्या स्वस्त व नियमित विजेमुळे सुकर झाले, त्या विजेच्या हिशेबात मुळशी खोरे जमा होते, एवढे पुरेसे आहे.

या नव्या घरांनी राहण्याची रीत बदलली. चाळीत व्हरांडा सामायिक, नळ सामायिक, संडास सामायिक. एकाच्या घरचे भांडण आणि दुसऱ्याच्या घरची फोडणी सर्वांच्या कानानाकापर्यंत पोहोचत असे. नव्या सदनिकेत न्हाणीघर आणि संडास उंबरठ्याच्या आत आले. निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांवरील २०१३ च्या ग्रंथात दाखवले आहे, की संडास स्वयंपाकघराच्या छताखाली असणे ही गोष्ट सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या मध्यमवर्गाला सहज पचली नाही. तरी तो रुळला. बंद करता येणारे दार हे उपनगरी जीवनाचे पहिले लक्षण ठरले. शेजार आता दारावरची घंटा वाजवून येऊ लागला.

येथे एक तपशील नोंदवण्याजोगा आहे. उपनगरातील स्वयंपाकघरे आणि शहरातील कचेऱ्या यांना जोडणारे जेवणाचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील. हा व्यवसाय धरणाच्या आधीपासूनचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. विस्थापितांनी तो सुरू केला असे म्हणता येत नाही. मात्र मावळचा माणूस उपनगराच्या दिनक्रमात पायऱ्या चढणारा, दाराशी थांबणारा म्हणून प्रथमपासून हजर होता, ही गोष्ट वसाहतींच्या आठवणींत सहसा नोंदली जात नाही.

नगरपालिकांच्या स्मरणशक्तीचे मात्र कौतुक करावे लागेल. मुंबईतील सेनापती बापट मार्ग माहीम-दादरपासून लोअर परळकडे जातो, तो १९२८ मध्ये विजेवर आलेल्या त्याच रेल्वेमार्गाला समांतर. पुण्यातील सेनापती बापट रस्ता गोखलेनगरालगत आहे, आणि गोखलेनगर ही मुळात पूरग्रस्तांची वसाहत.

पौड रस्त्याने

पुण्याच्या विस्ताराला चालना देणारी घटनाही धरणाशीच निगडित आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांतील वाडे कोसळले. वाडा म्हणजे अनेक बिऱ्हाडांचे एकत्र राहणे. तो पडला तेव्हा राहण्याची ती पद्धतही खिळखिळी झाली. गोखलेनगर, सहकारनगर या दिशांना माणसे हलली. पुढील दशकांत नदीपलीकडचे कोथरूड आधी बंगल्यांचे, मग सहकारी गृहसंस्थांचे झाले. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, १९६३ चा सदनिका-मालकीविषयक कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा यांनी या राहणीला कायद्याची चौकट दिली.

चांदणी चौकापलीकडे मुळशी तालुका सुरू होतो. बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि पुढे माले अशी ही रांग आहे. हिंजवडी येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यावर तालुक्याच्या पूर्व भागातील जमिनीचे भाव शेतीच्या हिशेबाबाहेर गेले. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली, तेव्हा मुळशीतील बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही त्यांत होती. भूगाव, पिरंगुट ग्रामपंचायतीकडेच राहिली. बारा मजल्यांच्या इमारतीचा कचरा कोणी उचलायचा, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या रचनेत कधी अपेक्षितच नव्हता.

जमीन बिगरशेती होण्याची वाट सर्वांनी सारख्या रीतीने चोखाळली नाही. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांनी अकृषिक परवाने घेऊन आखीव वसाहती केल्या. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांनी गुंठ्यागुंठ्याने विकली व घेतली. १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, त्यावर घर, आणि त्यामागे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची टांगती तलवार. अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र गुंठेवारी अधिनियम करावा लागला व २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा पुढे आणावी लागली. उपनगरी वस्ती म्हटली की जाहिरातीतील हिरवळ डोळ्यांपुढे येते. गुंठ्यावरचे घर त्या चित्रात नसते, तरी उपनगराचा मोठा भाग तेच आहे.

वसाहतीतील दिवस

या रस्त्यावरील लहान वसाहतीत राहणे म्हणजे काय, याचे उत्तर दिवसाच्या वेळेनुसार बदलते. सकाळी आठ ते दहा या वेळेत ती रिकामी होते. एकमेव रस्त्यावर सर्वजण एकाच वेळी उतरतात. दुपारी तेथे वृद्ध, लहान मुले, नोकरी न करणाऱ्या स्त्रिया आणि पहारेकरी एवढेच उरतात. ज्यांच्यासाठी ही शांतता विकत घेतली ते कुटुंबप्रमुख ती रविवारीच उपभोगतात. रोज तिच्यात राहावे लागते ते इतरांना. स्वतःचे वाहन नसलेल्या वृद्धेच्या दृष्टीने बँक, दवाखाना आणि मंदिर हे सारे कोणाच्या तरी सवडीवर अवलंबून असते. पेठेतील वाड्यात गैरसोयी पुष्कळ होत्या, पण बाहेर पडणे ही गैरसोय नव्हती.

शेजारसंबंध येथे भावकीने किंवा जातीने ठरत नाहीत. निदान उघडपणे ठरत नाहीत. ते जिना, पार्किंग, टाकी आणि लिफ्ट यांवरून ठरतात. देखभाल-शुल्क थकवणारा सभासद आणि ते वसूल करणारा चिटणीस हे एकाच गणपतीच्या आरतीला शेजारी उभे असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन तास पाण्याच्या टाकीवर वाद घालणारी माणसे कोणाच्या घरी मृत्यू झाला तर रात्रभर जागतात. अशा वसाहतीत माणुसकी नाही, हा आरोप वरवरचा आहे. तेथे जे खरोखर कमी आहे ते फाटकाबाहेरच्या गावाशी नाते. घरकामाला येणारी स्त्री, दूधवाला, चालक, पहारेकरी यांपैकी बहुतेक आसपासच्या वाड्यांतील किंवा दूरच्या जिल्ह्यांतून आलेले. त्यांची नोंद फाटकावरील वहीत रोज होते. ज्याच्या वडिलांनी ती जमीन कसली त्यालाही आत जाण्यासाठी नाव आणि वेळ लिहावी लागते.

आता जमिनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. सदनिकाधारक स्वतःला घरमालक म्हणतो. १९६३ च्या कायद्यान्वये, गृहसंस्था नोंदल्यानंतर विकासकाने इमारत व जमीन यांचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. वेगळा करार नसल्यास नियमांनी त्यासाठी चार महिन्यांची मुदत दिली आहे. प्रत्यक्षात असंख्य संस्थांची वर्षानुवर्षे या दस्तावाचून गेली. अखेर २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही तरतूद आली, म्हणजे विकासकाने सही केली नाही तरी सक्षम अधिकाऱ्यामार्फत हक्क मिळवण्याची सोय. अशा दुरुस्तीची गरज पडली यातच परिस्थितीचे निदान आहे. १९२१ मधील मुळशीच्या कुळापाशी जमीन होती पण कागद नव्हता. एकविसाव्या शतकातील सदनिकाधारकापाशी कराराची जाडजूड प्रत असते, पण सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्याच्या संस्थेचे नाव असेलच असे नाही. दोघांच्या हानीची तुलना करणे अन्यायाचे होईल. मावळ्याचे गावच गेले. मात्र पायाखालच्या जमिनीवर आपला शब्द किती चालतो, याविषयीची अनिश्चितता दोघांच्या वाट्याला आलेली आहे.

पाण्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. मुळा नदी मुळशी खोऱ्यातून पौड, म्हाळुंगे, वाकड, बालेवाडी असा प्रवास करत पुण्यात मुठेला मिळते. तिच्या शिरोभागी अडवलेले पाणी मुख्यतः पश्चिमेस भिऱ्याकडे, तेथून कुंडलिकेकडे जाते. त्याच नदीच्या खोऱ्यात वाढलेल्या बाणेर, सूस, बावधन भागांतील अनेक वसाहती उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहतात. मुळशीचे पाणी पिण्यासाठी पुणे व पिंपरी-चिंचवडकडे वळवावे, ही मागणी अनेकदा पुढे आली आहे. ती मागणारे बहुतांशी याच वसाहतींतील रहिवासी आहेत आणि त्यांच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवादही ‘सार्वजनिक हिता’चाच आहे. धरणाच्या भोवतालच्या वाड्यांनी प्रथम आपली तहान पुढे केली, तर त्यांचा दावा कोणत्या क्रमांकावर येतो, याची चर्चा त्या मानाने क्वचितच होते.

माले परिसरात सदनिकांची दाटी अद्याप पौड रस्त्याच्या पूर्व टोकासारखी नाही. येथे आठवड्याच्या शेवटी उघडणारी घरे, विश्रामस्थाने आणि भूखंडांच्या योजना अधिक. त्यांच्या जाहिरातींत जलाशयाचा उल्लेख ‘निसर्ग’ असा असतो, आणि खिडकीतून पाणी दिसत असल्यास भाव वाढतो. बोलीचालीत ‘तलाव’ म्हटले जाणारे हे पाणी जेथे आहे तेथे खाचरे होती, हे विकणाऱ्यास बहुधा ठाऊक असते. घेणाऱ्यास ते कोणी सांगत नाही.

अशा वसाहतींच्या इतिहासाची साधने दुर्मीळ नाहीत, फक्त ती साधने म्हणून पाहिली गेलेली नाहीत. गृहसंस्थांच्या सभांची इतिवृत्ते, टँकरची बिले, फाटकावरील नोंदवह्या, विकासकाशी झालेला पत्रव्यवहार हे सारे कपाटांत पडून असते आणि कार्यकारिणी बदलली की रद्दीत जाते. दुसरीकडे तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदी आहेत. कूळ, सावकार, सरकार, कंपनी, वारस, कुलमुखत्यार, विकासक, संस्था अशी नावे त्यांत एकाखाली एक येतात. तालुक्यातील एखाद्या गटाचे असे फेरफार आरंभापासून क्रमाने वाचले, तर फाटकावरील पाटीच्या आधीचे पान तेथे सापडते.